चांदणे पाहून तारीख ठरते. भरती कोण पाहणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी सरली की पुण्यात भटकंतीच्या जाहिरातींना बहर येतो. शुक्रवारी रात्री अकराला कोथरूडहून बस, पहाटे कोकण, दोन दिवस किनारा, जमलीच तर एखादी जंगलवाट आणि रविवारी रात्री घरी. 'सोपा ट्रेक, अनुभवाची गरज नाही' ही ओळ ठरलेली. त्यात सर्वाधिक मागणी पौर्णिमेच्या 'बीच ट्रेक'ला. जाहिरातीत शुल्क असते, नाश्त्याला पोहे की उपमा हेही असते. भरतीची वेळ शोधून सापडत नाही. हे पत्र त्यासाठी.

पौर्णिमा आणि अमावास्येला उधाणाची भरती येते, म्हणजे पाणी सर्वांत वर चढते आणि सर्वांत खाली उतरते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती. तेव्हा हा फरक सर्वांत कमी. कोकणात भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब आहे : तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा. चतुर्थीला भरती तीन वाजता, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमेला सव्वाअकरा. दिवसाही तेवढेच आणि रात्रीही तेवढेच. यात सहा तास आणि दहा-बारा मिनिटे मिळवली की ओहोटीची वेळ येते. हिशेब ढोबळ आहे, अर्ध्या-पाऊण तासाची चूक सहज होते, म्हणून नेमक्या वेळेसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचे भरतीचे तक्तेच पाहावेत. पण जाहिरातीतली तारीख तपासायला भिंतीवरचे कॅलेंडर पुरते.

आता पौर्णिमेच्या रात्रीचा कार्यक्रम या हिशेबात घालून पाहा. ओहोटी संध्याकाळी पाचच्या सुमारास, भरती रात्री सव्वाअकराला. पाणी सहा तास एकाच चालीने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. म्हणजे निम्मे पाणी सात ते नऊ या दोन तासांत येते. आपले लोक सातला जेवायला बसतात आणि आठला 'चला, चांदण्यात फिरून येऊ' म्हणत निघतात. पाणी वेगाने चढण्याची वेळ आणि पंधरवड्यातले मोठे उधाण, दोन्ही एकदम गाठायचे ठरवले असते तरी इतके नेमके जमले नसते.

उपाय तिथीतच आहे. पौर्णिमा सोडून वद्य द्वितीया घ्या. त्या दिवशी भरती दुपारी आणि रात्री दीडच्या सुमारास, ओहोटी सकाळी पावणेआठला आणि रात्री आठ-सव्वाआठला. चंद्र सूर्यास्तानंतर तास-दीड तासाने उगवतो आणि जवळपास पूर्णच असतो. साडेसात ते साडेनऊ चालले तर चांदणेही मिळते आणि पाणीही खाली असते. सकाळची चाल सहाला सुरू करून पावणेदहाला संपवता येते. ओहोटीच्या आधीचे दोन तास आणि नंतरचे दोन तास, एवढीच किनाऱ्यावरच्या चालीची खिडकी धरावी. वाटेत खडक चढून वळायचे असेल तर तो टप्पा ओहोटीच्या आधीच उरकावा. नंतर गेलात तर परतीच्या वाटेवर पाणी चढत असते.

सपाट पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, पाणी वाढले तर माणूस वर सरकतो, बिघडत काही नाही. अडचण होते ती दोन पुळणींच्या मध्ये आलेल्या डोंगराच्या नाकाला. एका बाजूला जांभ्याचा उभा कडा, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मध्ये कालवे (धारदार शिंपले) चिकटलेल्या खडकांची पट्टी. इथे चाळीस जणांचा गट आला आणि एका अवघड पायरीवर प्रत्येकाला दीड मिनिट लागले, तर शेवटचा माणूस पार व्हायला एक तास जातो. उधाणाला अडीच मीटरचा फरक धरला तर तिसऱ्या तासात पाणी साठ सेंटिमीटर, म्हणजे दोन फूट चढलेले असते. पहिल्याने बूट न भिजवता ओलांडलेली घळ शेवटच्यासाठी मांडीएवढी होते, वर लाटांचा मारा. एकाच वाटेने गेलेल्या गटातले पुढचे 'सोपे होते' म्हणतात आणि मागचे थरथरत येतात, त्याचे कारण हे. म्हणून अशा वळणाआधी सड्यावरून, म्हणजे वरच्या कातळी पठारावरून, जाणारी पायवाट माहीत करून घ्यावी आणि गट पंधरापेक्षा मोठा असेल तर सरळ तिनेच जावे. हरिहरेश्वरला प्रदक्षिणा ओहोटीलाच करायची, हे गावात कुणीही सांगेल. तसे सांगणारा माणूस प्रत्येक नाकाजवळ उभा नसतो, एवढेच.

खडकावर उतरण्याआधी वरून दहा मिनिटे नुसते पाहत बसावे. लाटा संचाने येतात. दहा-बारा लहान लाटांनंतर दोन-तीन मोठ्या येतात आणि सेल्फीवाला नेमका त्या लहान लाटा पाहून पुढे सरकलेला असतो. खडक ओला किंवा हिरवा-काळा दिसत असेल तर पाणी तिथपर्यंत पोचते, यापेक्षा वेगळा पुरावा लागत नाही. शेवाळावर महागड्या ट्रेकिंग बुटाचा तळही घसरतो. अनवाणी मात्र जाऊ नये. कालवांची धार तळपाय उभा चिरते आणि ती जखम लवकर भरत नाही.

खाडी पायी ओलांडण्याचा मोह तर हमखास होतो. ओहोटीला पाणी गुडघाभर दिसते, पलीकडचे गाव हाकेच्या अंतरावर असते. पण खाडीच्या तोंडाशी गाळ असतो, पाय पोटरीपर्यंत रुततो, आणि उतरते पाणी समुद्राकडे ओढत असते. वेसवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड इथे फेरीबोटी आहेत. बाकी ठिकाणी होडी किंवा पुलाचा वळसा. वळशाचे आठ-दहा किलोमीटर नियोजनातच धरावेत, ऐन वेळी नव्हे.

हे सगळे पावसाळ्याचे धोके, अशी एक समजूत आहे. पुण्याहून सहलीला गेलेले विद्यार्थी रायगडातल्या मुरूडच्या किनाऱ्यावर बुडाले तो दिवस १ फेब्रुवारी २०१६ होता. पावसाचा संबंध नव्हता. चालून तापलेला गट पाण्यात शिरतो, आणि एकाला वाचवायला दुसरा जातो, दुसऱ्याला तिसरा. गटाकडे पंधरा-वीस मीटरचा, पाण्यावर तरंगणारा दोर असलाच पाहिजे. वाचवणाऱ्याने किनाऱ्यावरूनच तो फेकायचा. ओढीत सापडलेल्याने किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नये. किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला निघावे आणि मग आत यावे. दमल्यास उताणे तरंगत राहून हात हलवावा.

चालीचा वेगही लोक चुकीचा धरतात. चढ नाही म्हणून तासाला पाच किलोमीटर, असा हिशेब मांडतात. भरतीरेषेखालच्या ओल्या, कडक वाळूत गट तासाला चार किलोमीटर जातो. कोरड्या भुसभुशीत वाळूत तेवढ्याच अंतराला जवळपास दुप्पट दम लागतो आणि वेग अडीचवर येतो. पुळण समुद्राकडे उतरती असते, त्यामुळे दक्षिणेला चालताना उजवा पाय सतत खाली पडतो. दहा किलोमीटरनंतर गुडघ्याची बाहेरची बाजू दुखू लागते. मधूनमधून सपाट भागावर यावे, तासाला एकदा बूट काढून वाळू झटकावी. मोज्यातली वाळू सँडपेपरचे काम करते. पाणी माणशी तीन लिटर. दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून अंग थंड होत नाही. नुसते पाणी पिऊन डोके दुखत असेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. होळीनंतर किनाऱ्याची दुपारची चाल आखूच नये.

जंगलवाटेचे गणित निराळे. काशीद-मुरूडजवळचे फणसाड, ताम्हिणी, भीमाशंकर ही तिन्ही अभयारण्ये आहेत. वन विभागाच्या नाक्यावर नोंद करून, वाटाड्या घेऊनच आत जावे. लोक वाट चुकतात ती बहुधा ढोरवाटेमुळे. गुरांची वाट रुंद आणि मळलेली असते, म्हणून तीच खरी वाटते. ओळखायची खूण सोपी आहे : ढोरवाटेवर फांद्या छातीच्या उंचीला आडव्या येतात, कारण गुरे खालून जातात. माणसांच्या वाटेवर डोक्याच्या उंचीपर्यंत फांद्यांना कोयत्याचे जुने घाव दिसतात. पाच मिनिटे वाकून चालावे लागले तर मागे फिरावे. कारवीच्या रानात तर चार पावले आडवे गेले तरी वाट दिसेनाशी होते.

वाट हरवली की 'ओढा धरून खाली उतरू, गाव लागेलच' असे कुणीतरी ठामपणे म्हणते. सह्याद्रीत हे करू नये. हा डोंगर बेसाल्टच्या थरांवर थर रचून झाला आहे, आणि ओढा प्रत्येक थराच्या कडेला सरळ खाली पडतो. पहिली पायरी आठ फुटांची असते, उडी मारून उतरता येते, वर परत चढता येत नाही. दुसरी साठ फुटांची असते. लोक अडकतात ते या दोन पायऱ्यांच्या मध्ये. तिथून काढायला लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांच्या कार्यकर्त्यांना दोर लावून रात्र जागवावी लागते. शेवटच्या खात्रीच्या जागी परत जावे, ती सापडत नसेल तर आहे तिथेच थांबून थोड्या थोड्या वेळाने तीन-तीन शिट्ट्या द्याव्यात आणि ११२ वर फोन लागतो का पाहावे.

आग्या मोहोळ : अत्तर, डिओ, धूर आणि आरडाओरडा टाळणे. उठलेच तर हात न झटकता तोंड झाकून त्या जागेपासून दूर पळणे. साप : कोकणातल्या जांभ्याच्या सड्यावर फुरसे हा विषारी साप दगडाखाली असतो, बसताना आणि हात टेकताना पाहावे. चावल्यास आवळून बांधणे नाही, चिरणे नाही, चोखणे नाही. तो अवयव लाकडी पट्टीने स्थिर करून, माणसाला न चालवता रुग्णालय. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग भागात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. हा ताप गोचिडीच्या चाव्यातून येतो. तिकडच्या जंगलात लांब बाह्या, पँटचे पाय मोज्यात आणि संध्याकाळी अंगावर गोचीड शोधणे.

गटाच्या आकाराबद्दल थोडे कडक बोलावे लागेल. दहा जणांमागे वाट माहीत असलेला एक, पुढे एक, आणि पिछाडीला एक, ज्याच्या मागे कुणीही राहणार नाही. प्रत्येक फाट्यावर मोजणी, आणि तीही आकड्याने. 'सगळे आले ना?' याला उत्तर नेहमी 'हो' असेच येते. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्याचे साहसी पर्यटन धोरण आले, पैसे घेऊन गट नेणाऱ्यांनी नोंदणी करावी असे त्यात आहे. पण 'आम्ही संस्था नाही, मित्रमंडळी खर्च वाटून घेतो' म्हणणारे पन्नास अनोळखी माणसांचे व्हॉट्सॲप गट त्यातून अलगद निसटतात. समुद्राला हा फरक कळत नाही.

मुक्कामाचे दोन शब्द. तंबू वाळक्या शेवाळाच्या आणि शिंपल्यांच्या रेषेच्या बराच वर लावावा. ती रेषा म्हणजे आदल्या भरतीची सही. सुरूच्या झाडांखाली शेकोटी नको, खाली पडलेल्या काड्या क्षणात पेटतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला २००२ मध्ये सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने समुद्री कासवांच्या घरट्यांचे संरक्षण सुरू केले. साधारण नोव्हेंबर ते एप्रिल या काळात ऑलिव्ह रिडले जातीची कासवे अंडी घालायला येतात आणि पिल्ले बाहेर पडतात. अशा किनाऱ्यांवर रात्री पांढरी बॅटरी फिरवली तर पिल्ले समुद्र सोडून उजेडाकडे वळतात, आणि मादी वाळूवर यायचीच थांबते. कुणाच्या वाडीतून पाखाडीने (दगडी पायवाटेने) जायचे तर आधी हाक मारावी. गडगा (दगडी कुंपण) ओलांडून उडी मारणारा 'निसर्गप्रेमी' गावात फार आवडत नाही.

आपल्याकडे एक विनंती. पुणे आवृत्तीत हवामानाची चौकट रोज असते, पण ती पुण्याची असते आणि शनिवारी-रविवारी निम्मे शहर घाट उतरलेले असते. ऑक्टोबर ते मार्च दर शुक्रवारी त्याच चौकटीत रायगड आणि रत्नागिरी किनाऱ्याच्या पुढच्या दोन दिवसांच्या भरती-ओहोटीच्या वेळा, पाण्याची उंची मीटरमध्ये, तिथी, आणि हैदराबादच्या 'इन्कॉइस' या सागरी माहिती केंद्राने उंच लाटांचा इशारा दिला असेल तर तो, एवढे छापावे. चार ओळींची जागा लागेल. जाहिरात हातात धरून ती चौकट वाचणाऱ्याला निघण्याची वेळ ठरवता येईल, किंवा बसचे पैसे भरण्याआधी आयोजकाला एक प्रश्न विचारता येईल.

आपले,
किनारा आणि जंगलवाटांवर गट नेणारे काही पुणेकर