अर्जावरील छायाचित्र आणि पुसलेली पार्श्वभूमी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

भरतीच्या आणि प्रवेशाच्या अर्जांचे दिवस आले की ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या केंद्रांवर एक सेवा हमखास मिळते : मोबाइलमधला कोणताही फोटो द्या, बॅकग्राउंड पांढरी करून देतो. लग्नातला फोटो संगणकावर घेतला जातो, एक बटण दाबले जाते आणि मागचा मांडव, माणसे, रोषणाई सारे नाहीसे होते. ज्या कामासाठी पूर्वी फोटोशॉपसारख्या सॉफ्टवेअरमधल्या पेन टूलने चेहऱ्याभोवती बिंदू टाकत बसावे लागे ते काही सेकंदांत होते, याबद्दल तक्रार असण्याचे कारण नाही. तक्रार आहे ती एवढीच की, त्यानंतर त्या फोटोकडे कोणी नीट पाहत नाही.

माणूस कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते, याचा सॉफ्टवेअर फक्त अंदाज बांधते. केसांच्या कडेवरच्या पिक्सेलमध्ये केसांचा आणि मागच्या भिंतीचा रंग मिसळलेला असतो. तो पिक्सेल ठेवला तर हिरव्या भिंतीची हिरवट किनार डोक्याभोवती राहते आणि काढला तर कुरळे केस टोप घातल्यासारखे गुळगुळीत कापले जातात. सावलीतला कान जातो, झुमक्याच्या कडीत मात्र जुन्या भिंतीचा तुकडा अडकून राहतो. सर्वांत हाल होतात ते पांढरी टोपी घालणाऱ्या वृद्धांचे. पांढऱ्या भिंतीपुढे काढलेला त्यांचा फोटो उगाचच पुन्हा ‘साफ’ केला की भिंतीबरोबर टोपीचा काठही जातो आणि कपाळाचा आकारच बदलतो. ओळख पटवण्यासाठी लावायच्या फोटोत हे चालवून कसे घ्यायचे?

काम नीट करणे अवघड नाही. फोटोशॉपमध्ये, तसेच मोफत मिळणाऱ्या गिंपमध्येही, लेयर मास्कची सोय आहे. मास्कमध्ये पार्श्वभूमी पुसली जात नाही, झाकली जाते. काळ्या ब्रशने झाकलेला भाग पांढऱ्या ब्रशने परत आणता येतो, त्यामुळे बटणाने खाल्लेला कान परत मिळवायला मिनिटभर पुरते. इरेझर वापरून फाइल सेव्ह केली की तो मार्ग बंद होतो. मास्क केल्यावर खाली तात्पुरता गडद रंगाचा थर ठेवून पाहावे, कारण टोपीचा गेलेला काठ पांढऱ्यावर दिसतच नाही. आणखी एक गोष्ट क्रमाची. आयबीपीएसच्या बँक भरतीसारख्या अर्जांना २०० × २३० पिक्सेल आणि २० ते ५० केबी एवढाच फोटो लागतो, म्हणून अनेक जण आधी फोटो लहान करतात आणि मग कटिंग, म्हणजे माणूस पार्श्वभूमीपासून वेगळा, करतात. एवढ्याशा फोटोत केसांची कड उरतेच कुठे? कटिंग मूळ आकारात करावे, आकार शेवटी कमी करावा आणि मूळ फोटो जपून ठेवावा. व्हॉट्सअ‍ॅपवरून मागवायचा असल्यास तो डॉक्युमेंट म्हणून मागवावा, म्हणजे दाबून लहान झालेला येणार नाही.

मात्र जिथे असा बदल मुळीच चालत नाही, तिथे हे कौशल्यही कामाचे नाही. परदेशांतील भारतीय दूतावासांनी १ सप्टेंबर २०२५ पासून पासपोर्टच्या अर्जासाठी ६३० × ८१० पिक्सेलचा, पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो मागितला असून त्यात संगणकीय सॉफ्टवेअरने फेरफार नसावा, असे सूचनांमध्ये म्हटले आहे. दुबईतल्या मुलाने गावाकडून पार्श्वभूमी ‘करून’ मागवली, तर ती या अटीत बसत नाही. अशा वेळी पांढरी चादर ताणून बांधावी, तिच्यापासून चार-पाच फूट पुढे बसावे म्हणजे सावली चादरीवर पडणार नाही, आणि समोरच्या खिडकीचा उजेड चेहऱ्यावर घ्यावा. खरे तर इतर अर्जांनाही हाच उपाय सर्वांत स्वस्त आहे.

म्हणून दोन सूचना कराव्याशा वाटतात. पार्श्वभूमी बदललेला फोटो चालेल की नाही, हे प्रत्येक भरती मंडळाने जाहिरातीतच एका ओळीत स्पष्ट लिहावे. ‘फिकट पार्श्वभूमी’ एवढ्यावर भागवू नये. आणि अर्ज भरून देणाऱ्या केंद्रांनी एका भिंतीवर पांढरा पडदा लावावा, तसेच फोटो अपलोड करण्यापूर्वी तो पूर्ण पडद्यावर मोठा करून अर्जदाराला दाखवावा व त्याची संमती घ्यावी.

आपला,
एक छायाचित्र व्यावसायिक, सातारा