शनिवारचं आकाशदर्शन: नव्या सभासदांनी जरूर वाचावं

सभासदहो,

येत्या शनिवारी संध्याकाळी ७ वाजता, नेहमीच्या मैदानावर, नवशिक्यांसाठी आकाशदर्शन आहे. दुर्बीण नसली तरी या. खरं तर एवढ्यात ती विकत घेऊच नका. आधी नुसत्या डोळ्यांनी आकाश ओळखीचं होऊ द्या. पुढे घ्यायचीच झाली, तर ७×५० किंवा १०×५० ची द्विनेत्री (बायनॉक्युलर) पुरते; यात पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, आणि दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये.

त्या रात्री अष्टमीचा चंद्र आहे. उजेड-अंधाराच्या सीमेवर सावल्या लांब पडतात, त्यामुळे तिथली विवरं पौर्णिमेपेक्षा कितीतरी ठळक दिसतात. गुरूचे चार मोठे चंद्रही पाहू. गॅलिलिओने ते १६१० मध्ये पाहिले होते.

- डोळे अंधाराला सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात. मोबाईल बंद ठेवा, टॉर्चवर लाल कागद लावा.
- दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही पाहू नका. कायमचं अंधत्व येऊ शकतं. मुलांना हे आवर्जून सांगा.
- येण्याआधी घरी एक प्रयोग करा: १ मीटर दोरीला वजन बांधून लहान झोके द्या आणि १० आंदोलनांचा (एक आंदोलन म्हणजे जाऊन परत येणारा एक पूर्ण झोका) वेळ मोजा. साधारण २० सेकंद भरतील. या आकड्यावरून गुरुत्वत्वरण (पृथ्वीच्या ओढीने पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला किती वाढतो ते) कसं काढायचं, ते तिथे करून पाहू.

ढग असल्यास कार्यक्रम पुढच्या शनिवारी. येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत नाव कळवावं.