पोझिशन कोच निवडताना आधी त्याला शिकवताना बघा

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलवर लेख आला होता तो माझ्या बहिणीने कोल्हापूरहून व्हॉट्सअॅपवर पाठवला, "तुझ्या पोराचा खेळ पेपरात आलाय बघ" म्हणून. खूप बरं वाटलं, कारण आपल्याकडे फुटबॉल म्हटलं की पायाने खेळायचाच डोळ्यासमोर येतो, हेल्मेट आणि खांद्यावर पॅड चढवून खेळतात त्या फुटबॉलबद्दल मराठीत फार कमी वाचायला मिळतं. पण लेखाच्या शेवटी जे म्हटलंय की कॉलेजांनी असिस्टंट कोचच्या जागा जुन्या नावाजलेल्या खेळाडूंना द्याव्यात म्हणजे त्यांच्या नावावर मुलं येतील, ते मला अजिबात पटलं नाही आणि दोन दिवस डोक्यातूनही जाईना, म्हणून लिहायला बसलेय.

मी गेली २२ वर्षं ओहायोत राहते. धाकटा मुलगा इथल्या एका लहान कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे आणि तिथल्या टीममध्ये सेंटर खेळतो. सेंटर म्हणजे जो खाली वाकून बॉल दोन पायांतून मागे क्वार्टरबॅककडे, म्हणजे बॉल फेकून खेळ चालवणाऱ्या मुलाकडे देतो आणि त्याच क्षणी समोरून अंगावर येणाऱ्या सव्वाशे किलोच्या माणसाला थोपवतो. त्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन मुलं, असे पाच जण मिळून ऑफेन्सिव्ह लाइन, सगळे नुसतं ओ-लाइन म्हणतात. बॉल घेऊन पळणं ह्यांच्या वाट्याला जवळपास येतच नाही, दुसऱ्याला पळता यावं म्हणून हे झुंजतात.

ह्या पाच जणांचा कोच वेगळा असतो. क्वार्टरबॅकचा वेगळा, फेकलेला बॉल झेलणाऱ्या रिसीव्हरचा वेगळा, समोरच्या टीमला रोखणाऱ्या डिफेन्सिव्ह लाइनचा वेगळा, हे सगळे असिस्टंट कोचच, पण ह्यांना पोझिशन कोच म्हणतात. मोठ्या विद्यापीठांना आधी ९ असिस्टंट कोच ठेवता यायचे, २०१८ पासून १० झाले आणि २०२४ मध्ये तर नियम असा सैल केला की स्टाफमधला कुणीही मैदानावर शिकवू शकतो, त्यामुळे तिथे माणसांची रेलचेल आहे. माझ्या मुलाचं कॉलेज डिव्हिजन थ्रीचं आहे, म्हणजे खेळासाठी स्कॉलरशिप नाही, फी आम्हीच भरतो, आणि ओ-लाइनला एकच माणूस, तोच शिकवणार, तोच नवीन मुलं शोधायला हायस्कूल हायस्कूल फिरणार, आणि गरज पडली तर सामानाची व्हॅनही तोच चालवणार. हेड कोच १०० मुलांकडे बघत असतो. माझ्या मुलाच्या पायाकडे, खांद्याकडे, त्याच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे रोज बघणारा मोठा माणूस म्हणजे हा पोझिशन कोच.

माझे वडील तरुणपणी तालमीत जायचे. मुलगा सेंटर खेळायला लागला तेव्हा मी त्यांना फोनवर सगळं समजावून सांगितलं, कसं खाली बसतात, हात कुठे टेकतात, समोरच्याच्या छातीखाली कसं शिरतात. त्यांनी कॉलेज किती मोठं आहे, मॅच टीव्हीवर दिसते का, असलं काहीच विचारलं नाही. म्हणाले, "त्याचा वस्ताद कोण आहे?" मला तेव्हा त्या प्रश्नाचं वजन कळलं नव्हतं, आता कळतंय, कारण चार वर्षांत माझ्या मुलाचा हा तिसरा वस्ताद आहे.

पहिल्या कोचने त्याला दोन वर्षं शिकवलं. शांत माणूस, कधी मोठ्याने ओरडलेला मी ऐकला नाही. मुलाची खोड अशी की मागे सरकताना त्याचे पाय एकमेकांजवळ यायचे आणि मग कुणीही त्याला बाजूला ढकलून द्यायचा. कोचने काय केलं तर साधी लाकडी फळी आणली, फूटभर रुंद आणि सहा-सात फूट लांब, आणि म्हणाला हिच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून चाल, फळीला पाय लागला की परत पहिल्यापासून. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलगा घरी आला तर त्याने बेसमेंटमध्ये तशीच फळी टाकली, मी वर भाकऱ्या करत असायचे आणि खालून ठक्‌ आवाज आला की समजायचं पाय लागला. जूनमध्ये दर मिनिटाला ठक्‌ व्हायचं, ऑगस्टमध्ये मी आवाजाची वाट बघत राहायचे आणि तो यायचाच नाही.

तो कोच जानेवारीत मोठ्या पगाराच्या नोकरीवर गेला. त्याचा राग नाही, लहान कॉलेजातले पगार कसे असतात ते सगळ्यांना माहितीय. दर जानेवारीत अमेरिकेतल्या फुटबॉल कोच लोकांचं मोठं अधिवेशन भरतं, तिथे हॉटेलच्या लॉबीत बायोडाटा घेऊन माणसं उभी असतात आणि अर्ध्या नेमणुका तिथेच ओळखीपाळखीने ठरतात असं म्हणतात. आमच्या कॉलेजने त्या वेळी अगदी तुमच्या लेखात सांगितलंय तसंच केलं, नावाजलेला माणूस आणला. प्रोफेशनल टीमच्या कॅम्पपर्यंत जाऊन आलेला, साडेसहा फूट उंच, बोलायला छान, पालकांच्या सभेत त्याने असं भाषण केलं की माझ्याही अंगावर काटा आला. ह्याला कुणी एकदा तरी शिकवताना बघितलंय का, हा प्रश्न तेव्हा कुणाला सुचला नाही, मलाही नाही.

माणूस वाईट नव्हता हे आधी सांगते. पण तो जे शिकवायचा ते त्याच्या स्वतःच्या शरीराला जमणारं होतं. समोरचा यायच्या आत झेप घेऊन त्याच्यावर हात टाकायचे ही त्याची पद्धत, त्याचे हात लांब, त्याला जमायचं. माझा मुलगा पाच फूट अकरा इंच, हात आखूड. झेप घेतली की हात पोचायचे नाहीत आणि तोल पुढे गेलेला, समोरचा आरामात बगलेतून निघून जायचा. मुलाने विचारलं की मी काय वेगळं करू, तर उत्तर यायचं, "मी तर असंच करायचो." त्या सीझनमध्ये क्वार्टरबॅकला इतका मार बसला की त्याची आई माझ्या शेजारी बसून डोळे मिटून घ्यायची, आणि मी तिच्याकडे बघू शकायचे नाही कारण मधून सुटलेला माणूस माझ्या मुलाच्या बाजूने सुटलेला असायचा. दोन वर्षं फळीवर कमावलेलं चार महिन्यांत गेलं आणि पुढच्या जानेवारीत तो कोचही गेला.

म्हणून मला म्हणायचंय की खेळता येणं आणि शिकवता येणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे आपल्या मराठी माणसांना तर सांगायलाच नको. आचरेकर सर आयुष्यात फर्स्ट क्लास मॅच फक्त एक खेळले, आणि शिवाजी पार्कवर त्यांच्या हाताखालून कोण कोण गेलं ते लहान पोरालाही माहितीय. इथे ह्या खेळात ओ-लाइनचा असाच एक गुरु होऊन गेला, जो मूर. पिट्सबर्गजवळ हायस्कूलला शिकवायचा, तिथून पिट्सबर्ग विद्यापीठात गेला, रस ग्रिम, बिल फ्रॅलिक असले लाइनमन घडवले, नंतर नोत्र दाम विद्यापीठात १९८८ पासून १९९६ पर्यंत होता. नवीन हेड कोच आला आणि ६४ वर्षांच्या मूरला काढून टाकलं. त्याने कोर्टात दावा लावला आणि १९९८ मध्ये ज्युरीने निकाल दिला की हो, वयामुळेच काढलं. म्हणजे त्या वेळी हेड कोचच्या मनात प्रश्न असणार की हा म्हातारा अजून किती वर्षं शिकवेल, आणि आज बघा, २०१५ पासून देशातल्या सगळ्यात चांगल्या ओ-लाइनला जे बक्षीस देतात ते त्याच जो मूरच्या नावाने आहे, आणि ते एका खेळाडूला नाही, पूर्ण लाइनला मिळून देतात.

आता कुणी म्हणेल की मोठे खेळाडू चांगले कोच होतच नाहीत का? होतात ना, आमच्याच ओहायो स्टेट विद्यापीठात कोच होता तो ब्रायन हार्टलाइन घ्या. सात सीझन एनएफएल, म्हणजे इथली सगळ्यात मोठी प्रोफेशनल लीग खेळलेला माणूस, पण २०१७ मध्ये परत आला तेव्हा त्याने स्टाफमधली अगदी खालची जागा घेतली, पडद्यामागे राहून काम केलं आणि मग २०१८ मध्ये रिसीव्हर मुलं त्याच्या हाताखाली आली. २०२२ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे प्रोफेशनल टीम कॉलेजची मुलं निवडतात त्यात, त्याने शिकवलेली दोन मुलं लागोपाठ १० व्या आणि ११ व्या नंबरला गेली, गॅरेट विल्सन आणि ख्रिस ओलावे. आणि त्याच्याबरोबर त्याच स्टाफवर असलेले लॅरी जॉन्सन बघा, २०१४ मध्ये तिथे डिफेन्सिव्ह लाइन शिकवायला आले, बोसा बंधू आणि चेस यंग हे नावाजलेले खेळाडू त्यांच्याच हाताखालचे, आणि कॉलेजमध्ये यायच्या आधी कितीतरी वर्षं ते हायस्कूलमध्ये शिकवत होते. दोघांचे रस्ते पूर्ण वेगळे, पण शिकवायचं काम दोघांनीही आधी शिकून घेतलेलं.

लेखातला एक मुद्दा मात्र मी मान्य करते, नावामुळे मुलं येतात. आणि लहान कॉलेजला ती लागतातच, कारण स्कॉलरशिप नसलेल्या कॉलेजात टीममधली १०० मुलं म्हणजे १०० फिया असतात आणि काही कॉलेजं त्यावर तगून आहेत. पण आलेली मुलं टिकायला पण हवीत ना? त्या एका वर्षात आमच्या ओ-लाइनमधल्या चार मुलांनी खेळ सोडला, त्यातली दोन कॉलेजच सोडून गेली.

ह्या वर्षी मार्चमध्ये परत निवड होती तेव्हा मुलांनी स्वतः जाऊन हेड कोचला सांगितलं की सर, ज्यांना बोलावताय त्यांनी आम्हाला एक तास शिकवावं आणि मग तुम्ही ठरवा. हेड कोचने ऐकलं, त्याबद्दल मी त्याची मनापासून आभारी आहे. तीन जण आले. पहिल्याने तासभर स्लाइड दाखवल्या. दुसरा तरुण होता, हुशार होता, त्याने वेगवेगळ्या गावांतून कशी मुलं आणेन त्याचा नकाशाच काढून आणला होता. तिसरा जवळच्या हायस्कूलमध्ये गणित शिकवणारा आणि तिथल्याच टीमचा कोच, वय साठीच्या आसपास.

त्याने वर्गातली बाकं बाजूला लावायला सांगितली, फरशीवर चिकटपट्टीची एक रेघ मारली आणि माझ्या मुलाला म्हणाला, तू मागे सरकतोस तसा सरक, मला शिकव. मुलगा सरकला. परत सरक म्हणाला. तिसऱ्यांदा विचारलं, "उजवा पाय आधी का उचललास?" आणि गप्प उभा राहिला. मुलगा सांगतो की आई, तो इतका वेळ थांबला की मला उत्तर शोधायलाच लागलं, आणि बोलता बोलता मलाच कळलं की मी बॉल देण्याच्या आधीच वजन एका बाजूला टाकतोय. मग मागच्या सीझनमधल्या एका चालीचा व्हिडिओ लावला, ज्यात क्वार्टरबॅक पडला होता, आणि स्वतः काही न सांगता एकेकाला विचारलं तुला काय दिसतं. टीममध्ये एक मुलगा आहे जो दोन वर्षांत मीटिंगमध्ये तोंड उघडलेला नव्हता, तो उठला आणि त्याने फळ्यावर पूर्ण प्रोटेक्शन काढून दाखवलं, कोण कुणाला धरणार, डावीकडून जास्तीचा माणूस आला तर कोण बघणार, सगळं. मुलांनी त्याच दिवशी हेड कोचला सांगितलं, हाच हवा.

घेतला त्यालाच. नाव नाही, स्लाइड नाहीत, बघूया सीझन कसा जातो. पण ऑगस्टच्या उन्हात प्रॅक्टिस सुरू झाली तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्याने एका मुलाला, तो नको म्हणत असताना, बाहेर काढून सावलीत बसवलं आणि ट्रेनरला हाक मारली. २०१८ मध्ये मेरीलँड विद्यापीठात १९ वर्षांचा ओ-लाइनमन सरावात उष्माघात होऊन गेला, थंड पाण्यात बुडवून अंग गार करायचे उपचार त्याला वेळेवर मिळाले नव्हते. त्या बातमीनंतर माझ्यासारख्या आया प्रत्येक ऑगस्टमध्ये फोन हातात धरून बसतात. मुलाला ऊन बाधायला लागलंय हे हेड कोचला दुसऱ्या टोकावरून दिसत नाही, शेजारी उभ्या असलेल्या पोझिशन कोचलाच दिसतं.

तर संपादक महोदय, एवढंच मागणं आहे की पुढच्या लेखात हेड कोचच्या कोट्यवधी डॉलरच्या करारांसोबत ह्या माणसांबद्दलही लिहा. २०२३ मध्ये टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने हेड कोच जिम्बो फिशरला करार संपायच्या आत घरी पाठवायला ७.५ कोटी डॉलरहून जास्त देणं मान्य केलं ही बातमी आपल्याकडेही पोचली, पण मुलांना रोज शिकवणारा माणूस कसा निवडतात हे कुणी लिहीत नाही. आणि इथे राहणाऱ्या ज्या मराठी आईबाबांची मुलं आता हायस्कूलमध्ये खेळतायत त्यांना सांगते, कॉलेज बघायला जाल तेव्हा वेट रूम आणि लॉकर रूम बघून भुलू नका, आमच्या मुलाचा पोझिशन कोच कोण आहे, किती वर्षं आहे, आणि एक प्रॅक्टिस बसून बघू द्याल का, हे तीन प्रश्न विचारा.

शनिवारी पहिली मॅच आहे. दीड तासाची ड्राइव्ह आहे, वडिलांना व्हिडिओ कॉल लावायचं कबूल केलंय, ते म्हणाले बॉल नको दाखवूस, पोराचे पाय दाखव.

आपली,
एक वाचक, ओहायो