मान वाकडी झाली म्हणजे नाटक नव्हे

महोदय,

मानसिक आजाराच्या तीव्र अवस्थेत हॅलोपेरिडॉलचे इंजेक्शन दिले की रुग्ण शांत होतो. मात्र काही तासांनी, कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, एखाद्याची मान एका बाजूला पिळवटते, डोळे वर जाऊन तिथेच अडकतात, जबडा आवळतो. तो पूर्ण शुद्धीवर असतो, सगळे कळत असते, म्हणूनच प्रचंड घाबरलेला असतो. कॅज्युअल्टीत याला फिट, धनुर्वात, अंगात येणे, अगदी 'नाटक' म्हटले जाते. तो औषधाचा दुष्परिणाम असतो, अक्यूट डिस्टोनिया, म्हणजे स्नायू अचानक आपोआप आवळले जाणे. तरुण पुरुषांत जास्त दिसतो.

परिचारिकेने आधी श्वास पाहावा. श्वास घेताना घशातून शिट्टीसारखा आवाज येत असेल तर स्वरयंत्राचे स्नायू आवळले आहेत. ऑक्सिजन लावून डॉक्टरांना तत्काळ बोलवावे. हॅलोपेरिडॉलचा पुढचा डोस थांबवावा आणि डॉक्टरांच्या आदेशाने उतारा म्हणून प्रोमेथाझिन 25 ते 50 मिलिग्रॅम स्नायूत द्यावे. बहुधा अर्ध्या तासात मान सैल पडते. पण तेवढ्यावर घरी पाठवू नये. उतारा ओसरला तरी मूळ औषध अंगात असते आणि त्रास उलटतो. म्हणून ट्रायहेक्सिफेनिडिलच्या गोळ्या काही दिवस लिहून घ्याव्यात.

रुग्ण एका जागी बसू शकत नसेल, सतत येरझाऱ्या घालत असेल, तर 'आजार वाढला' म्हणून डोस वाढवण्याआधी त्याला विचारावे: पायांत अस्वस्थ वाटते का? ही अकाथिसिया, म्हणजे औषधानेच आलेली अस्वस्थता, असेल तर वाढीव डोसाने ती आणखी चिघळते.

सर्वांत घातक चूक तापाची. ताप, अंग लाकडासारखे ताठ, दरदरून घाम, भ्रमिष्टपणा, वरखाली होणारा रक्तदाब हे एकत्र दिसले तर न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोमची, म्हणजे याच औषधांच्या जीवघेण्या दुष्परिणामाची, शंका घ्यावी. पावसाळ्यात डेंग्यू-मलेरिया समजून पॅरासिटामॉल सुरू होते आणि मनोविकाराची गोळीही चालूच राहते. ती गोळी त्याच क्षणी थांबवायला हवी. सीपीके (स्नायूंची हानी दाखवणारी रक्ततपासणी), सलाइन, अंग थंड करणे आणि आयसीयूत हलवणे, यात विलंब जिवावर बेततो.

ग्रामीण रुग्णालयांच्या इमर्जन्सी ट्रेमध्ये प्रोमेथाझिनचे अँप्यूल कायम असावेत आणि इंजेक्शननंतर पहिला तासभर दर 15 मिनिटांनी नाडी, रक्तदाब, श्वास, तापमान व शुद्धीची नोंद व्हावी, अशी आमची आरोग्य विभागाला कळकळीची विनंती आहे. दुष्परिणाम कळवण्याचा फॉर्म परिचारिकाही भरू शकतात. त्यासाठी टोल-फ्री क्रमांक 1800-180-3024 आहे.

— मनोविकार कक्षातील परिचारिका, पुणे