तक्रार ‘रिझॉल्व्ह्ड’ झाली हे कोणी ठरवायचं?

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

विषय तसा छोटा आहे, एका टेबलाचा, पण दोन महिने डोकं उठलंय म्हणून लिहितोय.

आमच्याकडे मारुतीची जिमनी गाडी आहे. तिचा मागचा दरवाजा बाजूला उघडतो, स्टेपनी त्याच्यावरच असते. त्या दरवाजाला आतून लावायचं एक फोल्डिंग टेबल ऑनलाइन मिळतं, खाली पाडलं की दोन बाजूंच्या दोन स्टीलच्या वायरींवर तोलून राहतं. आईचे गुडघे गेलेत, तिला खाली चटईवर बसता येत नाही आणि आमचं महिन्या-दोन महिन्यांनी कसाऱ्याकडे नाहीतर माळशेजला जाणं असतं, म्हणून घेतलं. साडेसहा हजार रुपये. एवढ्यात दोन साधी टेबलं येतील असं बायको तेव्हाच म्हणाली होती, हे मुद्दाम लिहितोय कारण ती तुमचा पेपर वाचते.

बसवताना चारपैकी तीन बोल्ट सरळ गेले, चौथ्याचं भोक जरा सरकलेलं होतं, वॉशर टाकून कसंबसं बसवलं. तिथेच परत करायला हवं होतं, ही माझी चूक. पण सोबतच्या कागदावर ‘ड्रिलची गरज नाही, दहा मिनिटांत घरच्या घरी लावा’ असं लिहिलेलं, मग म्हटलं असेल थोडं इकडेतिकडे.

तिसऱ्या ट्रिपला कसारा घाट चढून गेल्यावर एका सपाटीला गाडी लावली. टेबलावर छोटा गॅस, कढई, पोह्यांचा डबा आणि पाच लिटरचा पाण्याचा कॅन, सगळं मिळून फार तर नऊ-दहा किलो, आणि टेबलावर स्टिकर आहे वीस किलोचा. डावीकडची वायर सुटली, टेबल एका बाजूला कललं आणि सगळं घसरत येऊन आईच्या पायाशी पडलं. गॅस पेटवायचा होता अजून, नशीब. जाहिरातीत मात्र ह्याच टेबलावर शेगडी पेटवून अंडी तळताना दाखवलीयेत.

वायर तुटलेली नव्हती बरं का. वायरचं टोक वळवून त्यावर ॲल्युमिनियमची शेंगदाण्याएवढी नळी मशीनने दाबतात, त्या पकडीवर सगळा भार असतो. उजवीकडच्या नळीवर दाबल्याच्या दोन खोल खुणा आहेत, डावीकडची एकदम गुळगुळीत. म्हणजे नुसती ओवून पाठवली होती आणि दोन ट्रिपा ती कशी टिकली देव जाणे. कुर्ल्याला सीएसटी रोडवरच्या एका ॲक्सेसरीजवाल्याला दाखवली तर तो हातातला चहा खाली न ठेवता म्हणाला, ‘साब, ये तो दबाया ही नहीं है.’

हे त्या माणसाला पाच सेकंदांत कळलं, ते कंपनीला दोन महिन्यांत कळलेलं नाही. वॉरंटी एक वर्षाची आहे. पहिल्यांदा फोटो मागितले, दिले. मग अनबॉक्सिंगचा व्हिडिओ मागितला, आता टेबल घेताना कोण शूटिंग करत बसतं? मग म्हणाले तुम्ही अनधिकृत माणसाकडून बसवलंत, मी त्यांचाच ‘घरच्या घरी लावा’वाला कागद पाठवला. त्यावर काही उत्तर नाही. एकदा पिकअपला मुलगा आला, त्याला ओरिजिनल खोका हवा होता, तो तर भंगारवाल्याने केव्हाच नेलेला, मुलगा बिचारा तीन मजले चढून रिकामा उतरला. आणि मग मेसेज आला, ‘आपली तक्रार रिझॉल्व्ह झाली आहे, कृपया रेटिंग द्या’. असं तीन वेळा झालं, तीन तिकीट नंबर (म्हणजे तक्रारीचे नंबर), प्रत्येक वेळी कहाणी पहिल्यापासून.

2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याने 48 तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि एका महिन्यात ती निकाली काढायची. पोच मला दोन मिनिटांत मिळाली, मशीनने दिली. आणि निकाली काढायचं कामही मशीनच करतंय! कागदावर बघाल तर कंपनीने सगळं वेळेत केलंय. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की ग्राहकाने ‘हो, झालं’ म्हटल्याशिवाय तिकीट बंद करता येऊ नये, नियमात ही एक ओळ घालायला काय हरकत आहे?

आई बरीच वर्षं ग्राहक पंचायतीच्या संघात होती, म्हणजे 1975 साली मुंबईत सुरू झाली ती पंचायत, महिन्याचं वाणसामान सगळ्यांनी मिळून उतरवून घ्यायचं आणि वाटायचं. ती म्हणते, डाळीत खडा निघाला तर बोलायला समोर माणूस तरी असायचा.

1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला, तिथल्या बाईंनी नीट ऐकून घेतलं, तक्रार कंपनीकडे पाठवली, पण ते काही कोर्ट नाही. तेव्हा आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे जातोय. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही, वकील लावायलाच हवा असं नाही, ऑनलाइन अर्ज करता येतो आणि आपण राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार चालते, विक्रेता भले दुसऱ्या राज्यात असो. मुदत दोन वर्षं आहे. साडेसहा हजारांसाठी एवढं कशाला, असं ऑफिसात तिघांनी विचारून झालंय.

दोन्ही वायरी मी कुर्ल्यातूनच नवीन घालून घेतल्या, दोनशे चाळीस रुपये लागले, त्याने माझ्यासमोर नळ्या दाबल्या आणि वर स्वतः हाताने लोंबकळून दाखवलं. जुनी वायर आणि ती गुळगुळीत नळी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात तारखेसह ठेवलीय. आई मात्र अजून त्या टेबलाच्या डाव्या बाजूला बसत नाही.

– एक वाचक, मुलुंड (पूर्व)