‘रॅगटाइम’ आठ आठवड्यांत का बंद पडलं?

न्यूयॉर्क,
१४ डिसेंबर २०२५

ती. काकांस,
साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. समीक्षकांनी उचलून धरलेलं, पुरस्कारांच्या यादीत असलेलं ‘रॅगटाइम’सारखं जुनं संगीत नाटक ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या व्यावसायिक नाट्यगृहांत, नव्याने येतं आणि दोन-तीन महिन्यांत बंद कसं पडतं, असं तुम्ही विचारलंत. विचारणारे तुम्ही, आयुष्यभर तिकीटखिडकीचा हिशेब बघितलेले. तेव्हा मोघम उत्तर देऊन भागणार नाही, आकडे मांडूनच लिहिते.

आधी एक मूळ फरक लक्षात घ्या, पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आपल्याकडे निर्माता तारखा घेतो. शनिवारी शिवाजी मंदिर, रविवारी दुपारी गडकरी, रात्री आणखी कुठे. नटांना नाईट, म्हणजे प्रयोगागणिक मानधन, वादकांना नाईट, बॅकस्टेजच्या मुलांनाही नाईट. बुकिंग थंड वाटलं की दोन आठवडे प्रयोग लावायचे नाहीत. सेट गोडाऊनमध्ये पडून राहतो, आणि नाटक बंद पडलं असं कुणी म्हणत नाही. इथे ती सोयच नाही. नाटक एका नाट्यगृहात मुक्कामाला येतं आणि आठवड्याला आठ प्रयोग करतं: बहुतेक वेळा सोमवारी सुट्टी आणि बुधवार, शनिवार, रविवार दुपारचे खेळ. पगार आठवड्याचे. नटांच्या युनियनने ठरवलेला किमान पगारच आज आठवड्याला अडीच हजार डॉलरच्या वर आहे. नाट्यगृहाचं भाडं ठोक असतं, शिवाय गल्ल्यातला टक्का द्यावा लागतो, आणि दारावरच्या माणसांपासून रंगमंच कामगारांपर्यंत नाट्यगृहाच्या माणसांचा खर्चही नाटकाच्याच माथी येतो. प्रेक्षक चारशे असोत की चौदाशे, यातलं फारसं काही कमी होत नाही.

त्यामुळे इथे दोन खर्च वेगळे मोजतात. एक भांडवल, म्हणजे पडदा उघडेपर्यंत लागलेला पैसा: नेपथ्य, वेशभूषा, तालमी, जाहिरात. दुसरा चालू खर्च, दर आठवड्याचा. नाटक गाजलं की सगळे भांडवलाचा आकडा सांगत सुटतात. नाटक बंद पाडतो तो मात्र चालू खर्च.

आता ‘रॅगटाइम’. अमेरिकन लेखक ई. एल. डॉक्टरोव यांच्या कादंबरीवरचं हे नाटक ब्रॉडवेवर १९९८ साली पहिल्यांदा आलं. संगीत स्टीफन फ्लॅहर्टी यांचं, गीतं लिन ॲरेन्स यांची, संहिता टेरेन्स मॅकनॅली यांची. त्याचे ८३४ प्रयोग झाले, आणि निर्माती कंपनी मधेच, १९९८च्या नोव्हेंबरात, दिवाळखोरीत गेली. ८३४ प्रयोगांचा आकडा वाचून कुणालाही वाटेल की पैशांचा पाऊस पडला असेल, म्हणून हे मुद्दाम सांगितलं. पुढे २००९ मध्ये वॉशिंग्टनच्या केनेडी सेंटरने ते नव्याने केलं. मार्शिया मिलग्रोम डॉज यांचं दिग्दर्शन होतं. तिथे इतकं कौतुक झालं की निर्मात्यांनी ते न्यूयॉर्कला, नील सायमन थिएटरमध्ये आणलं. १५ नोव्हेंबर २००९ ला उद्घाटनाचा प्रयोग झाला, १० जानेवारी २०१० ला शेवटचा. उद्घाटनाआधीचे अठ्ठावीस पूर्वप्रयोग आणि पासष्ट नियमित प्रयोग. मे महिन्यात टोनीची, म्हणजे ब्रॉडवेच्या सर्वात मानाच्या पुरस्काराची, सात नामांकनं जाहीर झाली तेव्हा नाटक केव्हाच उतरलं होतं. विकायला तिकीटच नव्हतं, मग नामांकनाचा उपयोग काय!

यात नेमकं कुठे अडलं ते बघा. मंचावर चाळीस जण आणि पिटात, म्हणजे मंचापुढच्या वादकांच्या खोलगट जागेत, अठ्ठावीस वादक. हा डामडौल नव्हता, नाटकाची बांधणीच तशी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीची अमेरिका, आणि तीन समाज: न्यू रोशेलमधलं सुखवस्तू गोरं कुटुंब, हार्लेमची काळी माणसं, पूर्व युरोपातून आलेले ज्यू निर्वासित. पहिल्याच गाण्यात हे तीन गट एकामागोमाग मंचावर येतात. तिघांचं गाणं एकच. गाणं चढत जातं तसे ते गट एकमेकांभोवती फिरू लागतात, पण मिसळत नाहीत. कोण कुणाकडे बघतो आणि कोण मान फिरवतो, यातच पुढची सगळी कथा आहे. तिथे प्रत्येक गटात चार-चार माणसं उभी केलीत तर तो समाज वाटतच नाही, चार नातेवाईक वाटतात. वाद्यवृंदाचंही तेच. विल्यम डेव्हिड ब्रॉन यांची वाद्यरचना पितळी वाद्यं, तंतुवाद्यं आणि पियानो यांच्या भरगच्च मेळावर बेतलेली आहे. ज्या गोष्टीसाठी समीक्षकांनी पाठ थोपटली, तीच दर आठवड्याला पगारपत्रकावर सर्वात वरची ओळ होती. काटकसर करावी तर नाटकाचा प्राण जातो, न करावी तर राखीव पैसा.

हिशेब कसा बसतो ते उदाहरणाने दाखवते. हे आकडे मी समजावण्यापुरते घेतलेत, कुठल्या एका नाटकाचे नाहीत. समजा १,४०० खुर्च्या आहेत. आठ प्रयोगांच्या झाल्या ११,२००. सत्तर टक्के भरल्या, म्हणजे ७,८४० तिकिटं. सरासरी दर ७५ डॉलर, तर गल्ला ५,८८,००० डॉलर. यातून क्रेडिट कार्डाचं शुल्क, गटविक्रीचं कमिशन अशी वजावट दहा टक्के धरली तर हातात ५,२९,२०० उरतात. चालू खर्च ६ लाख असेल तर आठवड्याची तूट ७० हजारांच्या वर. “हॉल रिकामा दिसतोय” म्हणून टाइम्स स्क्वेअरच्या त्या प्रसिद्ध खिडकीवर तिकिटं निम्म्या दरात सोडली, प्रेक्षक ऐंशी टक्के झाले, पण सरासरी दर ६६ वर आला. आता ८,९६० तिकिटं गुणिले ६६, म्हणजे ५,९१,३६०. हजाराहून जास्त माणसं वाढली आणि गल्ला जागच्या जागी! म्हणूनच इथले जाणकार नुसती गर्दी बघत नाहीत, आधी सरासरी दर बघतात. दर आठवड्याला निर्मात्यांची संघटना सगळ्या नाटकांचे आकडे जाहीर करते, त्यात दोन्ही रकाने शेजारी-शेजारी असतात.

पण निर्मात्याचा निर्णय ठरतो तो जाहीर न होणाऱ्या आकड्यावर. त्याला इथे ‘रॅप’ म्हणतात: आज दिवसभरात पुढच्या सगळ्या तारखांची मिळून किती विक्री झाली. गल्ला या आठवड्यात झालेल्या प्रयोगांचा असतो, रॅप येणाऱ्या दिवसांचा अंदाज देतो. नाताळच्या आठवड्यात गल्ला फुगलेला असतो, सगळं शहर पाहुण्यांनी भरलेलं असतं. त्याच वेळी जानेवारी-फेब्रुवारीचा तक्ता कोरा दिसत असला आणि रॅप रोज घसरत असला, तर उत्तर समोर असतं. थंडी, बर्फ, सुट्ट्या संपलेल्या: हे दोन महिने ब्रॉडवेवर सर्वात वाईट. म्हणून कितीतरी नाटकं नाताळची कमाई पदरात पाडून घेतात आणि नव्या वर्षाच्या पहिल्या पंधरवड्यात उतरतात. त्याच हंगामातलं ‘फिनियन्स रेनबो’ हे चांगली परीक्षणं मिळालेलं पुनरुज्जीवन १७ जानेवारी २०१० ला बंद झालं. ‘साइड शो’ २०१४च्या १७ नोव्हेंबरला उघडलं आणि ४ जानेवारीला मिटलं. तारखा बघितल्यात ना? सगळ्यांची चाल एकच.

मधल्या काळात तग धरायला भांडवलातच राखीव रक्कम ठेवलेली असते. ती संपली की निर्माते स्वतः किंवा आपसात कर्ज काढतात, आणि ते कर्ज मूळ भागधारकांच्या आधी फेडावं लागतं. त्यामुळे शहाणा निर्माता तिथेच थांबतो. नाट्यगृहमालकाच्या करारातही कलम असतं: गल्ला ठरलेल्या आकड्याखाली सलग दोन आठवडे गेला तर मालक नाटकाला बाहेर काढू शकतो. मग नटांच्या फलकावर नोटीस लागते आणि गाशा गुंडाळला जातो.

तुम्ही म्हणाल, मोठं नाव घ्यायचं. तेही करून बघितलं जातं. १९९८च्या ‘रॅगटाइम’मध्ये टोनी मिळवणाऱ्या ऑड्रा मॅक्डॉनल्ड २०२४ मध्ये ‘जिप्सी’त उभ्या राहिल्या. अभिनयाच्या सहा टोनी मिळवलेली दुसरी व्यक्ती नाही. जॉर्ज सी. वुल्फ यांचं दिग्दर्शन, मॅजेस्टिकसारखं मोठं थिएटर, भांडवल १ कोटी ९५ लाख डॉलरपर्यंत. १९ डिसेंबर २०२४ ला उघडलं, कौतुकही झालं. तिकिटं ५ ऑक्टोबर २०२५ पर्यंतची विकायला काढली होती, नाटक १७ ऑगस्टलाच संपलं आणि भांडवल परत आलं नाही. ‘जिप्सी’चं ब्रॉडवेवरचं हे पाचवं पुनरुज्जीवन. १९५९ चं मूळ नाटक धरलं तर न्यूयॉर्कच्या रसिकाने ते दोन-तीनदा पाहिलेलं असण्याची शक्यता मोठी. तो पहिल्या महिन्यांत हौसेने येऊन जातो. त्यानंतर बाहेरगावच्या पाहुण्यांवर भिस्त असते, आणि ब्रॉडवेचे बहुसंख्य प्रेक्षक तेच. त्यांना सुट्टीच्या चार दिवसांत एखाद-दुसरंच नाटक बघायचं असतं, ते ओळखीच्या नावाकडे वळतात. शिवाय एकाच मोठ्या नावावर उभ्या असलेल्या नाटकाची दुखणी वेगळी: जाहिरातीत नाटकाच्या नावाच्याही वर जिचं नाव छापलंय ती त्या दिवशी आली नाही तर प्रेक्षकाला पैसे परत मागता येतात, आणि तिचा करार संपल्यावर तिच्या तोडीची दुसरी कुठून आणायची? यंदाच ‘कॅबरे’नेही ठरल्यापेक्षा चार आठवडे आधी, २१ सप्टेंबरला, मुक्काम हलवला. त्यांनी तर अख्खं ऑगस्ट विल्सन थिएटर आतून बदलून नाइटक्लबसारखं केलं होतं.

उलट्या बाजूचं उदाहरण ‘रॅगटाइम’च्याच हंगामात होतं. लंडनच्या मेनियर चॉकलेट फॅक्टरी या छोट्याशा नाट्यगृहात बसवलेली दोन पुनरुज्जीवनं, ‘अ लिटल नाइट म्युझिक’ आणि ‘ला काज ओ फोल’, तेव्हा ब्रॉडवेवर आली. दोन्हींत आठच वादक. ‘नाइट म्युझिक’मधला तो बारीक आवाज जाणकारांना खुपला, आणि मलाही वाटतं की त्या संगीतावर तो अन्याय आहे. पण चालू खर्च आटोक्यात राहिला. दोन्ही नाटकं वर्षभराच्या आसपास टिकली आणि पुनरुज्जीवनाचा टोनी ‘ला काज’ने नेला. सगळ्यांनी हाच मार्ग धरला तर पुढच्या पिढीला अठ्ठावीस वादकांचा ‘रॅगटाइम’ ऐकायला मिळणारच नाही, हे मला मनापासून लागतं.

तो आज मात्र ऐकायला मिळतोय. यंदा १६ ऑक्टोबरला लिंकन सेंटरच्या व्हिव्हियन बोमाँट थिएटरमध्ये ‘रॅगटाइम’ पुन्हा उघडलं, अठ्ठावीस वादकांसह, आणि त्याची मुदत वाढवावी लागली. फरक व्यवस्थेचा आहे. लिंकन सेंटर थिएटर ही ना-नफा संस्था: थिएटर घरचं, वर्गणीदार सभासद ठरलेले, देणग्यांचा आधार, आणि नाटक पहिल्यापासून ठरावीक मुदतीचं जाहीर केलेलं. मुदत कमी असली की “नंतर बघू” म्हणणारा माणूस लगेच तिकीट काढतो. चाललं तर मुदत वाढवायची, नाही चाललं तर ठरल्या दिवशी सन्मानाने संपवायचं. मोठ्या वाद्यवृंदाची जुनी नाटकं याच वाटेने करावीत असं माझं ठाम मत झालं आहे.

तुमच्या मंडळात जुनं संगीत नाटक नव्याने उभं करायचं घाटतंय, असं तुम्ही लिहिलंत. तर दोन गोष्टी आधी करा. पहिल्या प्रयोगाच्या खर्चाचा कागद बाजूला ठेवा आणि पंचविसाव्या प्रयोगाचा कागद करा: त्या दिवशी वादक किती, नाईट किती, टेम्पोचं भाडं किती, आणि त्या दिवशी पास वगळून विकलेली तिकिटं किती. आणि पदं कमी करायची वेळ आली तर ती गायकनटांबरोबर बसून आधीच ठरवा. तालमीनंतर घाईत कापलेलं पद प्रवेशाचा जोड मोकळा करून जातं. ऑर्गन, तबला आणि व्हायोलिन यांवर मात्र तडजोड करू नका. सुरुवातीला दहाच प्रयोग जाहीर करा आणि बुकिंग बघून पुढच्या तारखा घ्या. तारखा हातात ठेवायची सोय तुमच्याकडे आहे, इथल्या निर्मात्याला ती कुठल्याही किमतीला मिळत नाही.

खर्चाचा कागद तयार झाला की त्याचा फोटो पाठवा, मी ओळ न् ओळ बघून कळवते. काकूंना नमस्कार, चिंटूला आशीर्वाद.

तुमची,
सुनंदा