ब्रेक निकामी झाले, पण कधी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या अंकात अधूनमधून एक वाक्य वाचायला मिळतं : ‘ब्रेक निकामी झाल्याने चालकाचा ताबा सुटला.’ कधी ते आंबा घाटातल्या टेम्पोबद्दल असतं, कधी गगनबावड्याच्या खालच्या वळणावरच्या ट्रकबद्दल, तर कधी पुण्याजवळच्या नवले पुलाच्या उताराबद्दल. मी १९८६ ते २०१९ अशी ३३ वर्षं ट्रक चालवला. या एका वाक्याबद्दल मला आपल्याशी बोलायचं आहे.

१९९८ साली, गणपतीच्या आधीच्या आठवड्यात, हेच वाक्य माझ्याबद्दल छापून आलं होतं. चार ओळींची बातमी होती. तिचं कात्रण अजून माझ्याकडं आहे.

त्या दिवशी कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातून गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, भरून मी कणकवलीला निघालो होतो. कोकणात गणपतीला मोदकाचा गूळ लागतो, म्हणून त्या दिवसांत भाडं भरपूर आणि घाई त्याहून जास्त. त्याच्या दोन दिवस आधी शिरोली नाक्याजवळ ब्रेक दाबताना मागनं ‘फुस्स’ असा बारीक आवाज मला ऐकू आला होता. मालकांना मी सांगितलं. ते म्हणाले, ‘‘पार्टीचा माल गणपतीच्या आत पोचू दे, आल्यावर डायफ्रॅम बदलू.’’ मी ‘बरं’ म्हणालो. माझं वय तेव्हा ३२ होतं, घरात दोन लहान मुलं होती, आणि मी ‘नाही’ म्हटलं असतं तर चावी दुसऱ्याच्या हातात गेली असती, हे मला माहीत होतं.

हा डायफ्रॅम म्हणजे काय, ते वाचकांना सांगितलं पाहिजे. एअर ब्रेकच्या गाडीत पॅडल दाबलं की टाकीतली हवा चाकाजवळच्या डब्यात जाते. आम्ही त्याला बूस्टर म्हणतो. त्यात रबराची एक चकती असते, तोच डायफ्रॅम. हवेच्या दाबानं ती पुढं सरकते, तिच्यामुळं दांडा ढकलला जातो आणि लायनर, म्हणजे ब्रेकची घासपट्टी, चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला जाऊन भिडतं. चकतीला चीर पडलेली असली, तरी पाय पॅडलवर नसताना काही कळत नाही. टाकी भरलेली असते, हवेच्या दाबाचा काटा जागेवर असतो. पाय दाबला की हवा बाहेर जाते. सपाट रस्त्यावर दोन ब्रेकच्या मध्ये कॉम्प्रेसर ती भरून काढतो. घाट उतरताना पाय सारखाच पॅडलवर, इंजिन मंद, त्यामुळं जाते तेवढी हवा परत भरत नाही.

गगनबावड्याहून कोकणात उतरणाऱ्या करूळ घाटात त्या दिवशी धुकं होतं आणि पाऊस धो धो पडत होता. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती, मी काही पळवत नव्हतो. खालून एसटी वर येत होती, म्हणून ब्रेक दाबला, पुढच्या वळणाला परत दाबला, परत दाबला. काट्याकडं बघितलं तर तो चाराच्या खाली गेलेला. हँडब्रेक ओढला, त्यानं नऊ टन माल थांबला नाही. दरीकडं जाण्यापेक्षा डोंगराला घासू म्हणून मी गाडी गटारात घातली. क्लिनरची बाजू कातळावर आदळली. तो माझ्याच गावचा, १९ वर्षांचा पोरगा. त्याचा पाय गुडघ्याखाली चेचला, पुढं कोल्हापुरात आणून तो कापावा लागला. आज तो गावी पिठाची गिरणी चालवतो. मला त्यानं एका शब्दानं कधी दोष दिला नाही. मी मात्र त्याच्या दारावरून जाताना आजही चालायचा वेग वाढवतो.

तो डायफ्रॅम बदलायला मेकॅनिकला फार तर तासभर लागला असता. बातमीत मात्र छापलं होतं की ब्रेक निकामी झाले. झाले होते, पण दोन दिवस आधी, शिरोली नाक्यावर. आणि ते मला ठाऊक होतं.

मला ज्यांनी गाडी शिकवली त्या वस्तादांची सकाळ ठरलेली असायची. आधी गाडीखाली वाकून जमीन बघायची : रात्रीत तेल, डिझेल, पाणी कुठं ठिबकलंय का. मग टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, हातात घेऊन प्रत्येक टायरवर एक ठोका. हवा भरलेला टायर टणक वाजतो, कमी हवेचा मऊ, बद्द. मागच्या जोडटायरात आतला टायर बसलेला असला तरी डोळ्याला दिसत नाही, कारण बाहेरचा त्याचं ओझं उचलून धरतो. मग तोच बाहेरचा तापून वाटेत फुटतो. दोन टायरच्या मध्ये दगड अडकलाय का, तेही तिथंच कळतं. चाकाच्या नटांवर ते हात फिरवायचे. नटाच्या बुडातून गंजाचा लाल ओघळ आलेला दिसला तर तो नट ढिला आहे, असं सांगायचे. पुढं कमानीकडं, म्हणजे गाडीचं ओझं पेलणाऱ्या स्प्रिंगच्या पाट्यांकडं. त्यातल्या मेन पाट्याला चीर गेली की गाडी एका अंगाला झुकते, पण माल भरल्यावर ते झुकणं मालाचं आहे की पाट्याचं, हे कुणाला सांगता येत नाही.

मग हवेच्या टाकीखालची कडी ओढून पाणी सोडायचं. पावसाळ्यात बऱ्यापैकी पाणी निघतं, आणि ते तसंच राहिलं तर व्हॉल्व्ह गंजतात. शेवटी वस्ताद वर बसून ब्रेक दाबून धरायचे आणि मी मागं जाऊन एकेका चाकाशी कान लावायचा. हे काम दोन माणसांचं होतं. १९९८ च्या त्या आठवड्यात आम्ही हे रोज केलं असतं तर तो आवाज मालकांना प्रत्यक्ष ऐकवता आला असता. मी केलं नाही, कारण ऐकून घ्यायला कुणाला वेळ नव्हता.

आता तर ऐकायला माणूसच उरलेला नाही. पगार वाचवायला बहुतेक मालकांनी क्लिनर काढून टाकले. ड्रायव्हर एकटा. वर बसून पॅडल दाबणार कोण आणि मागं जाऊन ऐकणार कोण? एकट्यानं करायची एक रीत आहे, ती नव्या पोरांना कुणी शिकवत नाही म्हणून इथं लिहितो. गाडी सपाटीला उभी करायची, चाकांना ठोकळे लावायचे, टाकी भरली की इंजिन बंद. मग एक मजबूत काठी सीट आणि ब्रेक पॅडल यांच्या मध्ये आवळून अडकवायची, म्हणजे पॅडल दाबलेलं राहतं. एक मिनिट काट्याकडं बघायचं. पॅडल दाबल्यावर काटा एकदा थोडा खाली येतो, ते बरोबर आहे. त्यानंतरही तो खाली खाली सरकतच राहिला तर कुठंतरी गळती आहे. मग खाली उतरून चारही बाजूंनी कान लावायचा. आवाज लगेच सापडतो. निघताना काठी काढायची आणि यार्डातच पहिल्या पन्नास फुटांत एकदा ब्रेक मारून बघायचा.

या सगळ्याला मिळून पंधरा-वीस मिनिटं लागतात. ती कोण देतं?

शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या एमआयडीसीत जाऊन बघा. गाडी दुपारी गेटवर लागते. माल तयार नाही म्हणून पाच तास, सात तास उभी. त्या वेळेचा हिशोब कुणी मागत नाही. रात्री अकराला कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडाचा माल, भरून झालं की लगेच फोन सुरू होतात : सकाळी चाकणला लाईनवर माल पाहिजे, लवकर निघ. दुपारपासून उन्हात बसलेला, जेवण धड न झालेला माणूस त्या वेळी अंधारात खाली वाकून कमानपाटा बघेल, अशी अपेक्षा कशी करायची? आणि बघितला तरी करणार काय? सोळा टन कास्टिंग परत उतरवून घ्यायला कुठला सुपरवायझर तयार होईल? गाडी तपासायची ती रिकामी असताना, माल चढायच्या आधी, दिवसाच्या उजेडात. गेटवर वाया जाणाऱ्या त्या पाच तासांतली वीस मिनिटं यासाठी सहज निघतात. कारखान्यांनी एवढं करावं : ड्रायव्हरनं गाडी बघून कागदावर सही केल्याशिवाय क्रेन माल उचलणार नाही, असा नियम गेटवर लावावा. माल वेळेवर पोचावा असं ज्याला वाटतं, त्याच्याच हिताचं हे आहे.

‘पासिंग आहे की’ असं मालक म्हणतात. पासिंग म्हणजे गाडी रस्त्यावर चालवायला ठीक आहे, याची सरकारी तपासणी. मालवाहू गाडीचं पासिंग पहिली आठ वर्षं दोन वर्षांतून एकदा आणि नंतर दरवर्षी होतं. ते त्या दिवसापुरतं. दुसऱ्या गाडीचे चांगले टायर चढवून पासिंग करून आणायचे आणि संध्याकाळी उतरवून ठेवायचे, हेही मी डोळ्यांनी बघितलंय. टायरच्या खाचेत मध्ये मध्ये रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली, म्हणजे १.६ मिलिमीटर उरली, की कायद्यानं तो टायर संपला. हे कळायला कुठल्याही यंत्राची गरज नाही, बोटानं कळतं.

कायदाही एकट्या ड्रायव्हरचा नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १९० मध्ये धोक्याचा दोष असलेली गाडी चालवणारा येतो, तसा ती चालवायला लावणारा आणि चालवू देणाराही येतो. दोष माहीत होता किंवा साधी काळजी घेतली असती तर कळला असता, एवढं पुरतं. हे मला नोकरीत असताना कुणी सांगितलं नाही. माहीत असतं तर मी मालकांना तोंडी सांगून गप्प बसलो नसतो, वहीत लिहून त्यांची सही घेतली असती. म्हणून आज गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे की डॅशबोर्डवर एक साधी वही ठेवा. आवाज आला, गाडी एका बाजूला ओढली, लाईट गेला, तर तारीख घालून लिहा आणि मालकाला त्याखाली सही करायला सांगा. ‘आल्यावर बघू’ हे तोंडानं म्हणायला सोपं असतं. त्या वाक्याखाली सही करताना हात थांबतो.

आमच्या लोकांचंही चुकतं, हे कबूल केलं पाहिजे. काही कंपन्यांनी तपासणीचे छापील कागद दिलेत, त्यावर वीस रकाने असतात. कॅबिनमधून खाली न उतरता वीसच्या वीस बरोबरच्या खुणा करणारे ड्रायव्हर मी बघितलेत. उतारावर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारेही बघितलेत. गिअरमध्ये इंजिन गाडीला धरून ठेवतं, न्यूट्रलमध्ये सगळा भार लायनरवर येतो, लायनर तापून गुळगुळीत होतं आणि मग पॅडल कितीही दाबलं तरी गाडी धरत नाही. गगनबावड्यात चहाला थांबलात तर घाट उतरायच्या आधी प्रत्येक हबजवळ, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाजवळ, हाताची मागची बाजू नेऊन बघा, हात लावू नका. एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं लागलं तर त्याचं लायनर घासतंय. ते गार होऊ द्या, ब्रेक सेट करून घ्या, मगच घाटाला लागा.

उसाच्या सीझनबद्दल थोडं. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागं ऊस लोंबतोय, त्याखाली रिफ्लेक्टर झाकलेला. रात्री कागल रस्त्याला किंवा गडहिंग्लजकडं मागनं येणाऱ्याला ट्रॉली दिसते ती अंगावर आल्यावर. निघताना मागं जाऊन उसाची टोकं छाटायची आणि रिफ्लेक्टर फडक्यानं पुसायचा, याला दोन मिनिटं लागतात. साखर कारखान्यांनी वजनकाट्यावर हे बघायला एक माणूस ठेवावा.

आता आपल्याला एक विनंती. यापुढं ‘ब्रेक निकामी’ची बातमी आली तर आपल्या बातमीदारानं एक प्रश्न जास्तीचा विचारावा : या गाडीत बिघाड आहे हे कुणाला आधी माहीत होतं का, आणि त्यानं कुणाला सांगितलं होतं? उत्तर मिळेल ते छापावं. १९९८ साली मला कुणी हा प्रश्न विचारला असता तर मी खरं सांगितलं असतं. मी वाट बघत होतो. पोलिसांनी लायसन्स बघितलं, पंचनामा झाला, विम्याचा माणूस येऊन गेला. तो प्रश्न कुणी विचारला नाही.

मी रविवारी सकाळी घरीच असतो. कुणा नव्या ड्रायव्हरला काठी लावून ब्रेक कसा ऐकायचा हे शिकायचं असेल तर त्यानं गाडी घेऊन उचगावच्या कमानीजवळ यावं, मी टॉमी घेऊन येतो. गाडी रिकामी असावी.

आपला,
एक निवृत्त ट्रकचालक
उचगाव, ता. करवीर, जि. कोल्हापूर